रोग मुळाशी, दवा शेंड्याला

(बी. ए., द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या वार्षिकांकात बुरशीवर लेख कशाला, असा प्रश्न हे पान उघडताच काही वाचकांच्या मनात येईल. संपादक मंडळातील माझ्या मित्रालाही तो आला होता. "त्यापेक्षा कविता दे, नाहीतर एखादे प्रवासवर्णन दे," असे तो म्हणाला. माझा प्रवास म्हणजे शनिवारी दुपारी एस. टी.ने नागपूरहून काटोल तालुक्यातील आमच्या गावी जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. या प्रवासात गेली दोन वर्षे मी एकच गोष्ट पाहत आलो आहे. आमच्या बगीच्यातील संत्र्याची झाडे उभ्याउभ्या वाळत आहेत. तेव्हा माझ्याजवळ लिहिण्यासारखे जे आहे, तेच लिहितो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा सातवीपर्यंत शिकले, मायने शाळा पाहिली नाही. माझी फी, खोलीचे भाडे, पुस्तके हे सारे अडीच एकरांतील संत्र्यावर चालते. मी तिसरीत असताना बाबांनी दोनशे साठ कलमा लावल्या. मी आणि माय खड्ड्यात शेणखत टाकत होतो, ते मला चांगले आठवते. आज त्यांपैकी चौऱ्याऐंशी झाडे नाहीत. गेल्या तीन वर्षांत ती एकेक करून गेली. म्हणजे माझ्या शिक्षणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जमिनीखालच्या एका जिवाने खाल्ला, असे म्हटले तरी चालेल.

या रोगाला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. झाडाच्या बुंध्यावर, जमिनीलगत, साल चिरते आणि तिच्यातून डिंक गळू लागतो. पाने पिवळी पडतात. पानांची मधली शीर आधी पिवळी होते. शेंडे वाळतात. मरणाऱ्या झाडाला कधीकधी खूप फळे धरतात, पण ती बारीक राहतात. पहिल्या वर्षी असा भरगच्च बहार पाहून आम्ही खूष झालो होतो. झाड शेवटचा जोर लावत आहे, हे आम्हांला कळले नाही. बाबा पिवळ्या पानांवर फवारणी करीत राहिले. कोणी सांगितले जस्त कमी आहे, कोणी सांगितले कीड आहे. दुकानातून बाटल्या आल्या, उधारी वाढली. आणि रोग होता मुळांना! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला प्रकार.

पुढे एका जाणत्या माणसाने वाळत्या झाडाखालची माती उकरून बारीक तंतुमुळे हातात घेतली आणि चिमटीत धरून ओढली. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हाती राहिला नुसता पांढरा दोरा. निरोगी मुळाची साल अशी सुटत नाही. ज्या तोंडाने झाड जेवते तेच तोंड कुजले होते. मग पानांवर काहीही शिंपडले तरी त्याचा काय उपयोग?

हा रोग करणाऱ्या जिवाचे नाव फायटोप्थोरा. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८७६ साली हे नाव दिले. पुष्कळ वर्षे याला बुरशीच मानत. आता शास्त्रज्ञ सांगतात की तो खऱ्या बुरशीहून निराळा असून पाण्यातील शेवाळांच्या एका कुळाला जवळचा आहे. ही गोष्ट पुस्तकी वाटेल, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळी मेख येथेच आहे. याचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना शेपटीसारखे दोन तंतू असतात. माती पाण्याने गच्च भरली की ते सुटतात आणि पोहत पोहत मुळांपर्यंत जातात. पाणी ओसरले, ऊन पडले, तरी त्याची जाड कवचाची बीजे मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. म्हणूनच मेलेल्या झाडाच्या जागी लगेच नवे झाड लावले तर तेही बहुधा जाते.

याच्याच एका भावंडाने १८४५ नंतरच्या चारपाच वर्षांत आयर्लंडमधील बटाट्याचे पीक कुजवले. तेथील गरीब कुळे केवळ बटाट्यावर जगत होती. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात राजे, लढाया आणि तह येतात. एका बारीक जिवाने देश रिकामा केला, हे मात्र मला वर्गात कोणी सांगितले नव्हते. दुष्काळ निव्वळ रोगाने पडला नाही. जमीनदारी आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाईही त्याच्या मुळाशी होती. पण म्हणूनच तो विषय आपला, कला शाखेचा, नाही काय?

आता आमच्याकडे या. नागपूरला संत्रानगरी म्हणतात. भोसले राजांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडे आणून येथे लावली, असे परंपरेने सांगतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी हा सारा पट्टा संत्र्याचा. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे. अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली निघाले. नागपुरातच १९८५ साली लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आज अमरावती रोडवर केंद्रीय संस्था म्हणून काम करते. म्हणजे या रोगावरचे देशातील उत्तम ज्ञान आपल्या महाविद्यालयापासून सायकलच्या अंतरावर आहे. काटोल येथून साठेक किलोमीटर. एवढे अंतर कापून ते ज्ञान आमच्या बगीच्यात पोचायला तीन वर्षे आणि चौऱ्याऐंशी झाडे लागली.

यात सगळा दोष दुसऱ्यांचा आहे, असे मी म्हणणार नाही. रोगाला आवतण आम्हीच दिले होते. पहिली चूक कलमांची. स्वस्त मिळाल्या म्हणून बाबांनी एका रोपवाटिकेतून कलमा घेतल्या. त्यांचा डोळा जमिनीपासून चार बोटांवर भरलेला होता. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. हा जोड जमिनीच्या जितका जवळ, तितका ओल्या मातीचा आणि उडणाऱ्या चिखलाचा त्याला धोका जास्त. जाणते लोक सांगतात की जोड निदान वीतभर उंच असावा, त्याहून वर असेल तर आणखी बरे. शिवाय जंबेरी खुंट या रोगाला लवकर बळी पडतो, रंगपूर लाईम नावाचा खुंट त्या मानाने टिकतो. हे कलम घेतानाच विचारायचे असते. आम्ही फक्त भाव विचारला.

दुसरी चूक पाण्याची. आम्ही दांडाने पाणी सोडत होतो. ते पहिल्या झाडाच्या बुंध्याला भिजवून दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, असे रांगेच्या शेवटापर्यंत जाई. आजारी माणसाचे उष्टे पाणी पंगतीत फिरवावे, तसे ते होते. आमची जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. २०२२ च्या जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली, तेव्हा आमच्या बगीच्यातील खालच्या बाजूला कित्येक दिवस पाणी साचून होते. सर्वांत जास्त झाडे तेथलीच गेली. वरच्या उताराची बहुतेक शाबूत आहेत. उतारावरून पाणी काढून देणारे चर खोदायला आम्हांला चार दिवसांची मजुरी जड वाटली होती.

म्हणून माझे पहिले मत असे की, या रोगावरचा सर्वांत मोठा नैसर्गिक उपाय बाजारात मिळत नाही. बुंधा कोरडा ठेवणे, हाच तो उपाय. झाडाभोवती दोन आळी करायची. आतल्या आळ्यात बुंधा कोरडा राहील आणि बाहेरच्या आळ्यातच पाणी फिरेल. ऐपत असेल तर ठिबक बसवावे. पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करावेत. याला विज्ञानाची पदवी लागत नाही, फावडे लागते.

दुसरा उपाय बोर्डो मलमाचा. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडे धातूचे घ्यायचे नाही. डिंक गळतो ती साल धारदार चाकूने चांगल्या भागापर्यंत खरवडून काढायची आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला हा मलम लावायचा. मलम बरोबर जमला की नाही, हे पाहण्याची युक्ती मला फार आवडली. लोखंडी चाकू त्यात बुडवून काढावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घालावा.

या मलमाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू असा की निळसर डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत! मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की बाकीच्या वेलींची पाने रोगाने गळाली, या मात्र हिरव्यागार आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे ठेवले. शेतकऱ्याने चोराला भ्यावे आणि प्राध्यापकाने रस्त्याने जाताना डोळे उघडे ठेवावेत, यातून एवढे मोठे औषध निघाले. आमच्या प्राध्यापकांनीही वर्षातून एकदा काटोल रस्त्याने यावे, अशी त्यांना माझी नम्र विनंती आहे.

तिसरा उपाय नागपूरच्या उन्हाचा. या उन्हाला आपण सगळेच शिव्या देतो. मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, त्याचा रोपवाटिकेला उपयोग करून घेता येतो. वाफ्याची माती सपाट करून, भिजवून, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरायचे आणि कडा मातीने दाबायच्या. चार ते सहा आठवड्यांत आतली माती इतकी तापते की रोगाची पुष्कळशी बीजे मरतात. इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही रीत मांडली. त्यांच्यापेक्षा आपले ऊन कमी नाही. रोग बहुतेक वेळा रोपाच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतूनच बगीच्यात येतो. तेव्हा रोपवाटिकेची माती शुद्ध झाली तर अर्धे काम होईल.

चौथा उपाय ट्रायकोडर्माचा, आणि येथे मला माझी फजिती सांगितली पाहिजे.

ट्रायकोडर्मा ही मातीतच राहणारी हिरव्या रंगाची बुरशी. ती दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवणारे रस सोडते, तिचे अन्न आणि जागा बळकावते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली कॅलिफोर्नियात तिचा हा गुण दाखवून दिला. तेही लिंबूवर्गीय झाडांच्या संशोधन केंद्रात. काट्याने काटा काढावा, तशी बुरशीने बुरशी काढायची. हे वाचून मी हरखून गेलो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, प्रथम वर्षाच्या परीक्षेआधी, मी नागपुरातून चार पाकिटे विकत घेतली आणि मोठ्या ऐटीत घरी नेली. आपण शिकलो त्याचा घराला उपयोग झाला, असे मला वाटत होते. पाकिटे मी टिनाच्या कोठ्यात ठेवली. वर मे महिन्याचे ऊन. पाऊस पडल्यावर ती भुकटी कोरड्याच मातीत मिसळून टाकली, आणि त्याच दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच आळ्यात बुरशीनाशकाचे पाणीही ओतले. दोन उपाय एकदम केले म्हणजे दुप्पट गुण, असा माझा हिशेब! काहीही झाले नाही. उरलेली झाडे वाळतच राहिली.

बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू तं शिकलेला हायेस रे. पाकिटावर का लिवलं होतं?"

मी पाकीट पुन्हा काढले. मुंगीएवढ्या अक्षरात मराठी छापले होते. 'मृदाजन्य रोगकारकांच्या व्यवस्थापनार्थ सदर जैविक घटक शीत व शुष्क स्थानी संग्रहित करावा' अशा धाटणीची ती वाक्ये होती. मी मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. तरी मला ते दोनदा वाचावे लागले. त्यात सगळे होते. सावलीत ठेवा, मुदत पाहा, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर वापरू नका. म्हणजे पाकिटात जिवंत प्राणी होता. मी त्याला आधी भाजले आणि मग विष पाजले. चूक माझीच. पण जी भाषा सातवी शिकलेल्या शेतकऱ्यासाठी छापली आहे, ती बी. ए.च्या मुलाला अडखळवत असेल तर ती कोणासाठी छापली आहे?

आता माझे दुसरे मत सांगतो. 'नैसर्गिक' या शब्दाभोवती सध्या दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, निसर्गाकडे चला, सारे आपोआप ठीक होईल. दुसरा म्हणतो, औषधांवाचून शेती ही भाबडी कल्पना आहे. मला दोघांचेही पटत नाही. फायटोप्थोराही निसर्गातलाच आहे. त्याला मोकळे सोडले तर तो आपल्या स्वभावाप्रमाणे झाड मारणारच. उलट औषधावरच भिस्त ठेवणाऱ्यांनी मेटॅलॅक्झिलची गोष्ट ध्यानात घ्यावी. याच जातीच्या रोगांवर ते रामबाण म्हणून १९७७ साली बाजारात आले. १९८० साली आयर्लंड आणि हॉलंडमध्ये बटाट्याच्या रोगाने त्याला दाद देणे सोडले. औषध कधीच वापरू नये, असे मी म्हणत नाही. झाड मरणाच्या दारात असेल तर तेही द्यावे लागते. पण जे साचलेल्या पाण्याने आले, ते पाणी तसेच ठेवून ना औषधाने जाईल, ना पाकिटातल्या हिरव्या बुरशीने. निसर्गाचे साहाय्य घ्यायचे म्हणजे त्याच्या अटी पाळाव्या लागतात. ओल, सावली, शेणखत, वेळ या ट्रायकोडर्माच्या अटी आहेत. रासायनिक औषधाची बाटली जशी ओतून मोकळे व्हायचे, तसेच जैविक पाकीट ओतून मोकळे व्हायचे असेल, तर नाव तेवढे बदलले, सवय तीच राहिली.

यंदा आम्ही अटी पाळल्या. कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून तो ढीग निंबाच्या सावलीत ओल्या बारदानाखाली पंधरा दिवस ठेवला. वर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली मायने आधी पाहिली. ती घाबरून म्हणाली, "खत नासलं वाट्टे!" मी म्हटले, "नासलं नाई माय, जमलं." पाऊस लागल्यावर तो ढीग एकोणीस आजारी झाडांच्या आळ्यांत दिला, चर खोदले, आळी बदलली, बुंध्यांना मलम लावला. दिवाळीपर्यंत अकरा झाडांना नवी पालवी आली, पाच जशीच्या तशी आहेत, तीन मेली. यातले किती श्रेय बुरशीचे, किती पाण्याचे आणि किती मलमाचे, हे मी सांगू शकत नाही. बाबा मात्र सगळे श्रेय चरांना देतात.

आणि तिसरे मत माझ्या मित्रांसाठी. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. शेतातली कसदार माती पावसाने वाहून जाते, ती अडवण्यासाठी ताली-बंधारे घाला, असा आग्रह त्यात आहे. मातीचा प्रश्न आणि शिक्षणाचा प्रश्न त्यांनी एकाच पुस्तकात मांडला. आपल्या विदर्भात पंजाबरावांनी बहुजनांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये काढली आणि केंद्रात कृषिमंत्रीही झाले. ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नसावीत. आम्हांला मात्र ती वेगळी वाटू लागली आहेत. गावाकडून आलेला मुलगा शहरात वर्षभर राहिला की हातावरचे मातीचे डाग लपवू लागतो. मीही लपवले आहेत. पहिल्या वर्षी वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मी 'व्यापार' असे सांगितले होते. संत्री विकणे हाही व्यापारच, अशी मनाची समजूत घातली. ती लाज आज या पानावर ठेवून मोकळा होतो.

आपण कला शाखेचे विद्यार्थी औषध शोधू शकणार नाही, हे खरे. पण जे शोधलेले आहे ते समजेल अशा मराठीत सांगणे, हे तर आपलेच काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले सात दिवसांचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावात जाते. आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, फोटो काढतो. यंदाचे शिबिर संत्रा पट्ट्यातील एखाद्या गावी घ्यावे, अशी माझी सूचना आहे. कृषी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना सोबत न्यावे. एक दिवस मुळे ओढून पाहावीत, एक दिवस चर खोदावेत, एक दिवस मलम तयार करावा. आणि शेवटच्या दिवशी, जे शिकलो ते गावाच्या बोलीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावे. 'कलम घेताना डोळा वीतभर वर हाय का पाहा' हे एक वाक्य जरी दहा भिंतींवर लागले, तरी पुढच्या वर्षी काही बगीचे वाचतील.

मधल्या रिकाम्या चौऱ्याऐंशी जागांचे काय करायचे, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे. काका म्हणतात, सगळा बगीचा तोडून कपाशी लावा. बाबा म्हणतात, त्या जागा दोन वर्षे पड ठेवू, उन्हाळ्यात नांगरून तापवू, मग रंगपूरच्या खुंटावरच्या कलमा आणू. दोन वर्षे म्हणजे माझी पदवी होऊन वर एक वर्ष. कलम लावल्यावर फळ यायला आणखी पाच वर्षे. बाबांनी मला विचारले, "तुवं का मत हाय?" घरातल्या कोणत्याही प्रश्नावर माझे मत विचारले जाण्याची ती पहिलीच वेळ.

मी म्हटले, पड ठेवा. आणि कलमा घ्यायला मी सोबत येईन.